पिशवी काढण्याआधी

एका ताईंनी लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४. राहायला सिंहगड रोडला, नोकरी हडपसरला, अकाउंट्सचं काम. दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी, धाकटी यंदा बारावीला. गेली दोन वर्षं पाळीत फार अंगावरून जातं. पहिले तीन दिवस तासा-दीड तासाला पॅड बदलावा लागतो, गाठी पडतात, रात्री खाली जुना टॉवेल घालून झोपावं लागतं. पाळी येते वेळेवर, पण ८-९ दिवस चालते. हिमोग्लोबिन ८.२. सोनोग्राफीत गर्भाशय ‘बल्की’, मागच्या भिंतीत २.८ सेंमीचा फायब्रॉइड, अस्तर ११ मिमी. डॉक्टर म्हणाले, ‘मुलं झालीत ना? मग पिशवीचं काम संपलं. काढून टाका, पुढे कॅन्सरची भीती नको.’ सासूबाईंची आणि थोरल्या जाऊबाईंची पिशवी काढलेली आहे, त्यांचंही तेच म्हणणं. नवरा म्हणतो, तू ठरव. आता या विचारतात: काढू का? आणि नाही काढली तर काय होईल?

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी आज तुम्हाला ऑपरेशनची तारीख दिली नसती. वर्षभराने कदाचित मीच म्हणेन, आता काढू या. पण त्याआधी जे व्हायला हवं ते तुमच्या बाबतीत अजून झालेलंच नाही. ते न करता पिशवी काढली, तर तिची गरज होती की नव्हती हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

गेली २७ वर्षं मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. या काळात पिशव्या मीही पुष्कळ काढल्या आहेत, त्यामुळे या ऑपरेशनला माझा विरोध आहे असं समजू नका. ‘पिशवीचं काम संपलं’ हे वाक्य मात्र मला खटकतं. मुलं झाली, हे ऑपरेशन करण्याचं कारण होऊ शकत नाही. फार तर ऑपरेशन न करण्याचं एक कारण त्यामुळे कमी होतं.

सगळ्यात आधी तुमच्या रक्ताचं बघू. ८.२ हिमोग्लोबिनवर तुम्ही रोज स्वारगेटला बस बदलून हडपसर गाठता, दिवसभर आकडेमोड करता आणि घरी येऊन बारावीचं घर सांभाळता. जिना चढताना धाप लागणं, संध्याकाळी पाय ओढणं, केस गळणं, छातीत धडधड, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटणं, यातलं काही होत असेल तर ते वयामुळे किंवा कामाच्या ताणामुळे होतंय असं समजू नका. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय म्हणतात. तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात. दर महिन्याला जेवढं लोह शरीराबाहेर जातंय, तेवढं गूळ, खजूर आणि बीट खाऊन भरून निघत नाही. खायला हरकत नाही, भरवसा ठेवू नका.

फेरिटिन तपासून घ्या. हा शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज, आणि तो ३० च्या खाली असेल तर साठा संपलाय असं धरायचं. लोहाची गोळी दिवसातून एकदा, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. तिच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको. आपल्याकडे नेमकं इथंच बिघडतं, कारण सकाळची गोळी आणि सकाळचा चहा एकाच वेळी होतात. गोळीने पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. तुमच्या आकड्याला मी बहुधा शिरेतून लोह द्यायचं ठरवलं असतं. हल्ली फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं आणि तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून लोह लगेच थांबवायचं नाही. साठा भरायला पुढे तीन महिने लागतात.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण असं, की उद्या ऑपरेशन करायचं ठरलंच तरी ८.२ वर ते करायची घाई कुणी करू नये. रक्त चढवून दुसऱ्या दिवशी टेबलावर घेणं ही निकडीच्या वेळची सोय आहे. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे. शिवाय थकलेल्या शरीराने घेतलेला निर्णय आणि ११ हिमोग्लोबिन असताना घेतलेला निर्णय, यांत फरक पडतो. कितीतरी जणी ‘आता सोसवत नाही, काढूनच टाका’ म्हणत येतात आणि लोह भरून आल्यावर त्याच दुखण्याकडे शांतपणे बघू शकतात.

आता इतकं रक्त कशामुळे जातंय, ते शोधायचं. वैद्यकीय पुस्तकांत जुनी व्याख्या अशी आहे, की एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते अति. कुणी मोजून बघत नाही, त्यामुळे आता ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्थासुद्धा म्हणते, की ज्या रक्तस्रावाने बाईचं रोजचं जगणं अडतंय तो जास्तच. तुमचं तर हिमोग्लोबिनच साक्ष देतंय. तरीही पुढच्या दोन पाळ्या कालनिर्णयावर लिहून ठेवा: किती पॅड, किती भिजलेले, गाठी रुपयाच्या नाण्याएवढ्या की मोठ्या, रात्री किती वेळा उठलात. औषधाने फरक पडला की नाही हे नंतर या खुणांवरूनच कळतं, आठवणीवरून कळत नाही.

इथे मराठीतल्या एका शब्दाचा घोळ सोडवते, कारण तो माझ्या ओपीडीत रोज होतो. रक्ताच्या गाठी पडतात त्याही ‘गाठी’ आणि गर्भाशयात फायब्रॉइड असतो तीही ‘गाठ’. मग घरात बोललं जातं, ‘तिला गाठी आहेत, गाठी पडतायत, कॅन्सर तर नाही ना?’ पाळीत पडणाऱ्या गाठी म्हणजे साकळलेलं रक्त. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढलेली गाठ. पहिल्या गोष्टीवरून एवढंच कळतं, की रक्त भराभर येतंय.

तुमचा फायब्रॉइड २.८ सेंमीचा, भिंतीत आहे. चाळिशीत सोनोग्राफी केली तर असा फायब्रॉइड पुष्कळ बायकांना सापडतो, आणि त्यातल्या कित्येकींना त्याचा पत्ताही नसतो. फायब्रॉइड केवढा यापेक्षा तो कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. आतल्या पोकळीत डोकावणारा १.५ सेंमीचा फायब्रॉइड बाईला रक्तबंबाळ करू शकतो, आणि बाहेरच्या बाजूला लोंबणारा ६ सेंमीचा पाळीच्या वाटेलाही जात नाही. म्हणून रिपोर्टमध्ये तुमचा फायब्रॉइड पोकळीला धक्का देतोय की नाही हे लिहिलेलं आहे का, ते बघा. नसेल तर योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी पुन्हा करून घ्या, शक्यतो पाळी संपल्यावर लगेच. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि आतला छोटा पॉलिपही, म्हणजे अस्तरावर आलेली मऊ वाढही, दिसतो.

‘बल्की’ या शब्दाने अनेकींची झोप उडते. दोन मुलं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. मात्र पाळीत खूप दुखत असेल, पाळीच्या आधीपासून ओटीपोट आणि कंबर धरत असेल, तर अ‍ॅडिनोमायोसिस आहे का हे बघायला हवं. यात गर्भाशयाचं अस्तर स्नायूच्या आत शिरतं, गर्भाशय गोलसर, जड होतं आणि पाळी दुखरी व भरपूर होते. तुम्ही दुखण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते नक्की सांगा.

आणि अस्तर ११ मिमी. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिनाभर बदलत असतं आणि पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात ते १४-१५ मिमी असणंही नेहमीचं आहे. चार-पाच मिमीची मर्यादा आहे ती पाळी बंद झाल्यानंतर रक्त गेलं तर. ती पाळी चालू असलेल्या बायकांना लावून घाबरवलेलं मी बघितलं आहे.

तरीही एक तपासणी तुमची राहिली आहे आणि ती टाळू नका: अस्तराची बायोप्सी. चाळिशीच्या पुढे एवढा रक्तस्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय ना औषध नीट ठरतं, ना ऑपरेशन. बारीक नळी घालून ओपीडीतच पाच-दहा मिनिटांत होते, पाळीत दुखतं तसं थोडा वेळ दुखतं. शंका असेल तर दुर्बिणीतून पोकळी बघून तुकडा घेतात. वजन जास्त असेल, मधुमेह असेल, पूर्वी पीसीओडी असेल, तर ही तपासणी आणखीच गरजेची. कॅन्सरच्या भीतीवर पिशवी काढणं हा उपाय सुचवण्याआधी कॅन्सर आहे का हे बघायला नको का? बायोप्सीत पेशी बिघडलेल्या निघाल्या तर सगळा विचारच वेगळा होतो आणि ऑपरेशनही वेगळ्या तयारीने करावं लागतं. त्या स्वच्छ निघाल्या, तर भीतीपोटी काढण्याचं कारण उरत नाही. साध्या फायब्रॉइडचा कॅन्सर होणं अत्यंत दुर्मीळ आहे. पिशवीच्या तोंडासाठी पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही तपासणी करून घ्या. ‘तोंडाला जखम आहे’ असं सांगून जे काढायला लावतात, ती जखम बहुतेक वेळा जखम नसतेच, आतल्या बाजूची लालसर पेशीत्वचा बाहेर दिसत असते.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड बघाच. तुम्हाला पहिल्या पाळीपासूनच जास्त जायचं का, दात काढताना किंवा बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, हेही आठवा. काही बायकांच्या रक्तातच गोठण्याचा दोष असतो आणि तो वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. तांबी बसवलेली असेल तर सांगा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. आणि एक गोष्ट बायका सांगत नाहीत म्हणून मीच विचारते: गौरी-गणपतीला, घरच्या सत्यनारायणाला, देवदर्शनाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेता का? त्या थांबवल्यावर येणारी पाळी अनेकींना जोरात येते. वर्षातून चार वेळा असं होत असेल तर त्या महिन्यांवर वेगळी खूण करा.

समजा बायोप्सी स्वच्छ आली, थायरॉइड ठीक आणि फायब्रॉइड पोकळीपासून लांब आहे. मग काय?

गोळ्यांपैकी ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत, चार दिवसांपर्यंत घ्यायचं असतं. रक्तस्राव साधारण निम्म्यापर्यंत कमी होतो. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते घेऊ नये. मेफेनॅमिक अ‍ॅसिड दुखणं कमी करतं, रक्त थोडंसंच. हार्मोनच्या गोळ्याही आहेत. आपल्या लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ऑर्मेलॉक्सिफेन, म्हणजे ‘सहेली’ किंवा ‘छाया’ नावाची गर्भनिरोधक गोळी, वेगळ्या प्रमाणात जास्त रक्तस्रावासाठीही देतात. स्वस्त आहे आणि काहींना छान लागू पडते. या सगळ्या गोळ्यांतलं काहीही केमिस्टकडून परस्पर आणून सुरू करू नका.

तुमच्या परिस्थितीत मी सगळ्यात आधी जे सुचवलं असतं ते म्हणजे मिरेना. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते नाव काढलं की घरातून पहिला आवाज येतो, ‘तांबी नको बाई, तांबीने तर आणखी जातं.’ तांब्याच्या तांबीने खरंच पाळी वाढू शकते. मिरेना दिसायला तशीच, पण तिच्यात तांबं नसतं. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं आणि ते रोज अगदी थोडं थोडं गर्भाशयाच्या आतच सुटत राहतं. अस्तर पातळ होतं, पाळी कमी होते. बसवताना बाळंतपणं झालेल्या बाईला फारसा त्रास होत नाही. एकदा बसवली की रक्तस्रावासाठी साधारण पाच वर्षं काम करते. ‘नाइस’च्या मार्गदर्शनात, ३ सेंमीपेक्षा लहान आणि पोकळीला धक्का न देणारा फायब्रॉइड असेल किंवा अ‍ॅडिनोमायोसिस असेल, तरी मिरेनाच पहिली सुचवली आहे. तुमचा फायब्रॉइड २.८ चा आहे, हे लक्षात घ्या.

आता तिची दुसरी बाजू. पहिले तीन ते सहा महिने त्रासाचे असतात. रोज थोडं थोडं डागासारखं जात राहतं, पंधरा-पंधरा दिवस. रक्त कमी असतं पण कटकट खूप. देवघरात जायचं की नाही यावरून ज्या घरात बाईला अडवलं जातं, तिथे ही कटकट दुप्पट होते. पुष्कळ जणी याच काळात वैतागून काढून टाकायला येतात, कारण बसवताना कुणी त्यांना नीट सांगितलेलं नसतं. सहा महिने काढले तर बहुतेकींची पाळी खूप हलकी होते. वर्षाच्या शेवटी साधारण पाचातल्या एकीची थांबतेच. ती थांबली म्हणजे ‘घाण आत साठते’ असं नाही, अस्तरच तयार होत नाही तर बाहेर यायला काही उरत नाही. काहींना डोकेदुखी होते, छाती दुखरी होते, चेहऱ्यावर पुरळ येतं. क्वचित कुणाची आपोआप बाहेर पडते, गर्भाशय मोठं असेल तर जास्त.

मिरेना की ऑपरेशन, याची समोरासमोर तुलना फिनलंडमध्ये झाली आहे. जास्त पाळीचा त्रास असलेल्या २३६ स्त्रियांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं मिरेना दिली आणि निम्म्यांचं गर्भाशय काढलं. पाच वर्षांनी, २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांतल्या बायका जगण्याबद्दल सारख्याच समाधानी होत्या. मिरेना मिळालेल्यांपैकी ४२ टक्के जणींनी मात्र त्या पाच वर्षांत शेवटी गर्भाशय काढून घेतलं होतं. हा आकडा मी दोन्ही बाजूंनी सांगते. दहातल्या चार जणींना मिरेना पुरली नाही, हे खरंच. पण दहातल्या जवळजवळ सहा जणी ऑपरेशनशिवाय राहिल्या, आणि त्या कोण हे आधी कुणालाही ओळखता येत नव्हतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास बंद होते. तुम्ही ४४ च्या. दोन-तीन वर्षं, फार तर पाच, एवढाच पल्ला गाठायचा आहे. ३३ वर्षांच्या बाईला मी हा हिशोब सांगू शकत नाही, तुम्हाला सांगू शकते.

पोकळीत पॉलिप किंवा फायब्रॉइड निघाला तर दुर्बिणीतून तेवढाच काढता येतो, पोटावर टाका नाही, संध्याकाळी घरी. गर्भाशयाचं अस्तर उष्णतेने जाळायची एक पद्धत आहे, ती मूल नको असलेल्यांसाठीच; काही वर्षांनी साधारण पाचांतल्या एकीला तरीही गर्भाशय काढावं लागतं. मोठ्या फायब्रॉइडची रक्तवाहिनी बंद करण्याचा उपाय मोठ्या रुग्णालयांत होतो, तुमच्या २.८ सेंमीसाठी त्याचा विचार करू नका. ‘पिशवी साफ करून घ्या’, म्हणजे क्युरेटिंग, यानेही कायमचा गुण येत नाही, एक-दोन पाळ्या बऱ्या जातात एवढंच.

मग पिशवी काढायची कधी? बायोप्सीत बिघडलेल्या पेशी निघाल्या तर. फायब्रॉइड मोठे, अनेक असतील आणि लघवीवर दाब येत असेल तर. औषधं आणि मिरेना मनापासून वापरूनही हिमोग्लोबिन टिकत नसेल, किंवा ती घेता येत नसतील तर. आणि आणखी एका वेळी, जी पुस्तकात कमी लिहिलेली असते: सगळे पर्याय समजून घेऊन, आकडे बघून, बाई स्वतः शांतपणे म्हणत असेल की मला हे कायमचं संपवायचं आहे. तो तिचा हक्क आहे आणि मी तिला अडवत नाही.

कोथरूडच्या एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हत्या, कारण त्यांच्या आईला ऑपरेशनमध्ये त्रास झाला होता. गोळ्या झाल्या, मिरेना दोनदा बाहेर पडली, अ‍ॅडिनोमायोसिस पक्का होता. चार वर्षं त्या पाळीच्या दिवसांत गडद रंगाच्या साड्या नेसून वर्गावर उभ्या राहिल्या. हिमोग्लोबिन ५.६ झालं आणि एके दिवशी शाळेत चक्कर येऊन पडल्या, तेव्हा तयार झाल्या. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी आल्या तेव्हा पर्वती चढून आल्या होत्या. म्हणाल्या, मॅडम, तुम्ही मला आणखी जोर देऊन सांगायला हवं होतं. त्यांचं बरोबर होतं. त्यांना पर्याय सांगत राहण्यात मी एक-दोन वर्षं जास्त घालवली.

याच्या उलट टोकाला आहेत ऊसतोड कामगार बायका. बीड जिल्ह्यातून त्या दरवर्षी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत, बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत खाडा पडला तर मजुरी जाते, फडात आडोसा नाही, पाणी नाही. त्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घातली की तिशीतली बाई उचल घेऊन ऑपरेशन करून मोकळी होते. देशपातळीवर केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणायला सांगितलं. तुम्ही त्या परिस्थितीत नाही. पण ‘मुलं झाली, काढून टाका, कॅन्सर होईल’ हे वाक्य त्या बायकांना आणि तुम्हाला अगदी सारखंच ऐकवलं गेलंय, म्हणून हे लिहिलं.

ऑपरेशन करायचं ठरलंच तर डॉक्टरांशी सगळ्यात आधी अंडाशयांबद्दल बोला. मी शिकत होते तेव्हा पंचेचाळिशीच्या जवळ पिशवी काढताना अंडाशयंही काढून टाकायची पद्धत होती. ‘नाहीतरी दोन-चार वर्षांत बंदच पडणार’, असं आम्हाला शिकवलं जायचं, आणि मीही तसं केलं आहे. त्यातल्या काही बायका अजून माझ्याकडे येतात. ऑपरेशनच्या दुसऱ्याच आठवड्यापासून अंगाची लाहीलाही, झोप गेलेली, आणि एकीचा तर साठीच्या आतच मणका दबला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या २९ हजारांहून जास्त नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांचं गर्भाशय साध्या कारणासाठी काढलेलं होतं. अंडाशयंही काढलेल्या स्त्रियांत अंडाशयाचा कॅन्सर कमी दिसला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त. त्यामुळे निरोगी अंडाशयं तुमच्या वयात ठेवावीत, घरात अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास नसेल तर. गर्भनलिका मात्र काढायला सांगा, त्याने पुढचा अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. संमतीपत्रावर सही करताना नेमकं काय काढणार हे लिहिलंय का ते वाचा. ‘पिशवी’ या एका शब्दात काय काय जातं, हे अनेकींना डिस्चार्ज कार्ड वाचूनच कळतं. अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते, हेही माहीत असू द्या.

रस्ता कोणता, तेही विचारा. दोन नॉर्मल बाळंतपणं आणि फार मोठं नसलेलं गर्भाशय, म्हणजे खालून, ज्याला आपण बिनटाक्याचं म्हणतो, ते ऑपरेशन तुमच्या बाबतीत बहुधा जमेल. ते जमत असेल तर तेच बरं. दुर्बिणीतून हा दुसरा रस्ता. पोट उघडायचं ते मोठ्या फायब्रॉइडसाठी किंवा आत चिकटलेलं असेल तर. पहिल्या दोन्हींत तीन-चार आठवड्यांत कामावर जाता येतं, पोट उघडलं तर सहा ते आठ आठवडे. धोके कमी आहेत पण आहेत: जास्त रक्त जाणं, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा, पायात गुठळी.

जाऊबाईंनी सांगितलेल्या गोष्टींपैकी जड उचलायचं नाही हे सहा आठवड्यांपुरतं खरं आहे, आयुष्यभराचं नाही. पिशवी गेली म्हणून कंबर कायमची जाते असं नाही. पती-पत्नीचे संबंध सहा-आठ आठवड्यांनी सुरू करता येतात, आणि महिन्यातले दहा दिवस जिचे रक्तात जात होते तिला नंतर बहुधा बरंच वाटतं. तुमचे यजमान ‘तू ठरव’ म्हणतात हे चांगलंच आहे, पण पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. निर्णय तुमचा असला तरी ऑपरेशननंतरचा महिना दोघांचा असतो, तो त्यांना आधी ऐकू द्या.

वेळेचं म्हणाल तर मुलीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपेपर्यंत थांबल्याने तुमचं काही बिघडणार नाही, बायोप्सी स्वच्छ असेल आणि लोह सुरू झालेलं असेल तर. विमा असेल तर कागद काढून बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये गर्भाशयाच्या ऑपरेशनला दोन वर्षांची थांबायची अट असते. दुसरं मत घ्यायला लाजू नका. ससूनच्या स्त्रीरोग विभागात किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयातही ते घेता येतं. आधीच्या डॉक्टरांना त्याचा राग येण्याचं कारण नाही, आणि आलाच तर तो तुम्ही मनावर घ्यायचा नाही.

तासाला एक याप्रमाणे सलग दोन-तीन तास पॅड पूर्ण भिजले, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र तारखेची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालयात जा.

नाहीतर पुढच्या दोन आठवड्यांत एवढं करा: फेरिटिन, थायरॉइड, पॅप स्मिअर, पाळी संपताच सोनोग्राफी आणि बायोप्सी. बायोप्सीचा रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो. तो हातात आला की डॉक्टरांना विचारा, ‘माझं रक्त नेमकं कशामुळे जातंय?’ त्याचं उत्तर मिळाल्यावर मिरेनाबद्दल विचारा. आणि तोवर येणाऱ्या पाळीत जास्त जाण्याचा एक तरी दिवस रजा टाका. त्या दिवशीचा मुलीचा डबा घरातलं दुसरं कुणीतरी भरेल.